दहा बाय बाराची खोली आणि खर्जाचा प्रश्न

मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परगावी गेली, की घरातील एक खोली मोकळी होते. काही दिवस तीत इस्त्रीचे कपडे, जुनी मासिके आणि पाहुण्यांच्या गाद्या साठत राहतात. मग केव्हातरी घरातल्या कोणाच्या मनात येते की, या खोलीत निवांत बसून गाणे ऐकता आले तर किती बरे होईल! नाट्यगीते, भावगीते, अभंग, स्तवने, एखादा विलंबित ख्याल, आणि सुटीत नातवंडे आली की त्यांच्यासाठी चित्रपट. इच्छा साधी आणि चांगली आहे. तिच्यासाठी होणारी खरेदी मात्र बहुधा उलट्या क्रमाने होते.

दुकानात सर्वप्रथम दाखवला जातो तो सबवूफर. चित्रपटातील स्फोटाचा प्रसंग लावला जातो, पायाखालची फरशी थरथरते आणि ग्राहक थक्क होतो. मग त्या पेटीला साजेसे स्पीकर निवडले जातात, आणि ज्या खोलीत हे सारे नांदायचे आहे तिचा विचार सर्वांत शेवटी होतो किंवा मुळीच होत नाही. घरी आल्यावर तोच संच घुमू लागतो. तबल्याचा डग्गा भिंतीतून वाजल्यासारखा वाटतो, गाण्याचे शब्द त्या घुमण्यात बुडतात, खालच्या मजल्यावरून निरोप येतो, आणि ज्या वडीलधाऱ्यांसाठी हौसेने सारे आणले तेच हळूहळू त्या खोलीत येईनासे होतात. पैसा गेल्याचे दुःख एक वेळ विसरता येते. पण घरातील एक सामायिक आनंद वाया जावा, हे नुकसान मोठे आहे.

म्हणून या खरेदीचा क्रम सुलट असावा : आधी खोली, मग बैठक, त्यानंतर स्पीकर, आणि गरज उरलीच तर सबवूफर.

खोलीचा स्वभाव

ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. ४० हर्ट्झच्या खर्ज स्वराची एक लाट त्यामुळे साडेआठ मीटरांहून लांब असते, तर १०,००० हर्ट्झच्या तीव्र स्वराची लाट जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि नऊ फूट उंच अशा खोलीत ती खर्जाची लाट मावतच नाही. ती भिंतीवर आपटून परत येते आणि पुढून येणाऱ्या लाटेत मिसळते. जिच्या लाटेची अर्धी लांबी दोन समोरासमोरच्या भिंतींमधील अंतराएवढी असते, ती वारंवारता खोलीत ठाण मांडून बसते. बारा फुटांच्या लांबीसाठी ही वारंवारता सुमारे ४७ हर्ट्झ, दहा फुटांच्या रुंदीसाठी सुमारे ५६ आणि नऊ फुटांच्या उंचीसाठी सुमारे ६३ हर्ट्झ येते. त्यांच्या दुपटी-तिपटीवरही असेच घडते.

याचा अनुभव कोणालाही घेता येतो. एखाद्या रिकाम्या खोलीत खालच्या स्वरात हुंकार भरत आवाज हळूहळू वर न्यावा. मध्येच एका स्वराला खोली अचानक साथ देऊ लागते. तो त्या खोलीचा स्वतःचा स्वर होय. एवढ्या आकाराच्या खोलीत साधारण २०० हर्ट्झच्या खाली जे ऐकू येते, त्यावर स्पीकरपेक्षा खोलीचाच अधिकार अधिक चालतो. दुकानाचे प्रशस्त दालन आणि घरातील ही खोली यांत एकच पेटी वेगळी का वाजते, याचे उत्तर येथे आहे.

लांबी, रुंदी आणि उंची जितकी एकमेकांना सारखी, तितका हा त्रास अधिक. कारण तिन्ही दिशांचे स्वर एकाच जागी येऊन साचतात. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली या दृष्टीने सर्वांत अवघड. घरात दोन खोल्यांपैकी एक निवडण्याची मुभा असेल, तर चौरस खोली सोडून लांबट खोली घ्यावी.

बैठक कोठे असावी

खोलीत साचलेला खर्ज सर्वत्र सारखा नसतो. भिंतीलगत आणि विशेषतः कोपऱ्यात तो फुगतो, तर खोलीच्या अगदी मध्यभागी त्याचा पहिला स्वर जवळजवळ नाहीसा होतो. मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्यास घुमणे फार वाटते आणि मधोमध बसणाऱ्यास गाणे पोकळ वाटते, ते यामुळेच. बारा फुटांच्या खोलीत मागच्या भिंतीपासून सुमारे चार फुटांवर बैठक ठेवली, तर दोन्ही दोष बरेच टळतात. एक पैसाही खर्च न करता मिळणारा हा लाभ आहे.

स्पीकर रुंदीच्या, म्हणजे दहा फुटी भिंतीकडे ठेवून आवाज खोलीच्या लांबीच्या दिशेने सोडावा. दोन्ही स्पीकरांत पाच ते सहा फूट अंतर असावे, आणि श्रोत्यापासून दोन्ही साधारण तेवढ्याच अंतरावर असावेत. म्हणजे गायकाचा आवाज दोन पेट्यांतून न येता त्यांच्या मधोमध, जणू समोरच्या आसनावरून येतो. डावा स्पीकर कोपऱ्यात आणि उजवा दाराशी, अशी मांडणी कितीही सोयीची असली तरी टाळावी.

उंचीकडे तर बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तीव्र स्वर देणारा लहान भाग, म्हणजे ट्विटर, श्रोत्याच्या कानाच्या पातळीवर हवा. खुर्चीवर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतो. परंतु आपल्याकडे गादी-तक्क्यांची भारतीय बैठक असते, आणि तीवर बसणाऱ्याचा कान अडीच ते पावणेतीन फुटांवरच राहतो. बाजारात मिळणारे तयार स्टँड खुर्चीच्या हिशेबाने बनवलेले असतात. भारतीय बैठक असेल तर सुताराकडून ठेंगणे, जड आणि न डुगडुगणारे स्टँड करून घेणे श्रेयस्कर.

स्पीकर भिंतीपासून किती दूर असावा? त्यातून निघालेला खर्ज मागच्या भिंतीवरून परत येऊन मूळ स्वराला छेद देतो. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून एक मीटरवर असेल तर हा छेद सुमारे ८६ हर्ट्झवर पडतो; म्हणजे नेमका डग्ग्याच्या आणि तंबोऱ्याच्या प्रदेशात. तेच अंतर तीस सेंटिमीटर ठेवले तर छेद २८५ हर्ट्झच्या आसपास सरकतो, जेथे पडदे-पुस्तकांनी त्याला काही अंशी आवरता येते. मोठ्या दालनात स्पीकर पुढे ओढावा हा सल्ला योग्य आहे. लहान खोलीत मात्र तो भिंतीजवळ असणेच पुष्कळदा हिताचे. भिंतीजवळ खर्ज थोडा वाढतो, हे ध्यानात घेऊन स्पीकरही तसाच निवडावा.

खोलीत सतरंजी, जाड पडदा, आणि मागच्या भिंतीशी उंचसखल पुस्तकांचे फडताळ असावे. टाळी वाजवल्यावर झणझण ऐकू आली, तर खोली अजून उघडी आहे असे समजावे. भिंतींना चिकटवण्याच्या एक-दोन इंची फोमच्या चौकटींकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. त्या तीव्र स्वर शोषतात, खर्ज नाही; ६० हर्ट्झच्या लाटेचा चौथा भागसुद्धा १.४ मीटर भरतो. सगळी भिंत फोमने मढवली तर झणझण जाते, घुमणे तेवढेच राहते, आणि खोली निर्जीव होते.

स्पीकरची पारख

लहान जागेसाठी लहान स्पीकर, हा नियम तडजोडीचा नसून विचारान्ती ठरलेला आहे. बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांतील अरुंद जागेत आवाज पारखता यावा म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात एलएस३/५ए नावाचा स्पीकर तयार केला. त्याची उंची जेमतेम एक फूट. खोल खर्ज देण्याचा त्याने दावाच केला नाही. मानवी आवाज जसाच्या तसा ऐकू यावा, एवढे एकच काम त्याच्याकडे होते. हा स्पीकर पुढे घराघरांत गेला, आणि आजही त्याचे चाहते आहेत. कुटुंबाच्या खोलीसाठी या उदाहरणातील बोध पुरेसा आहे : गाणाऱ्याचा कंठ खरा वाटत नसेल, तर बाकीच्या करामती व्यर्थ होत.

आता खर्जाची गरज मोजून पाहू. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ असतो, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्झच्या घरात. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झ, तर मोठ्या पियानोची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झ. पाच ते साडेसहा इंची वूफर असलेला चांगला बुकशेल्फ स्पीकर सामान्यतः ६० ते ४५ हर्ट्झपर्यंत उतरतो. म्हणजे ज्या घरात कंठसंगीत, तबला, पेटी, सतार आणि बासरी एवढेच ऐकले जाते, त्या घराचा बहुतेक सारा खर्ज या लहान पेटीत सामावतो. जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर दहा बाय बाराच्या खोलीत आणल्यास जागा अडते आणि खोलीचा घुमणारा स्वर अधिक चेकाळतो.

काही लहान पेट्यांना मागच्या बाजूस छिद्र असते. त्यातून खर्जाला जोर मिळतो. अशी पेटी भिंतीला चिकटवून ठेवता येत नाही. जागा अगदीच कमी असेल, तर पूर्ण बंद पेटीचा किंवा पुढे छिद्र असलेला स्पीकर घ्यावा.

शक्तीच्या आकड्यांनी तर कोणीही दिपून जाऊ नये. वेष्टनावर पीएमपीओचे हजारो वॅट छापलेले दिसले, तर तो आकडा नाही असेच समजावे. विचारायचे ते आरएमएस वॅट. सामान्य स्पीकर एक वॅट शक्तीत एक मीटर अंतरावर ८५ डेसिबेलच्या आसपास आवाज देतो. घरातील निवांत श्रवणाची पातळी ७० ते ७५ डेसिबेल धरली, तर त्याला एक वॅटही लागत नाही. अचानक पडणारी थाप किंवा तार सप्तकातील झेप यांसाठी राखीव शक्ती हवी, म्हणून खरे तीस ते पन्नास वॅट असले की या खोलीला पुष्कळ झाले. शक्ती दुप्पट केल्याने आवाज केवळ ३ डेसिबेलने वाढतो. पन्नासाऐवजी शंभर वॅटचा अँप्लिफायर घेऊन कानाला फारसा फरक जाणवत नाही, तो हा हिशेब असा असल्यामुळे.

पारख करताना डोळे बाजूस ठेवावेत. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हारमन कंपनीत काम केलेले शास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांची मते अनेक वर्षे तपासली. पेटी दिसत असताना नाव, आकार आणि किंमत यांचा मतावर परिणाम होतो. न दिसता ऐकले, तर कोणताही स्वर वाजवीपेक्षा पुढे न आणणारा, समतोल स्पीकरच बहुसंख्य श्रोते पसंत करतात, असे त्यांना आढळले. दुकानात हे पूर्णपणे साधणार नाही. तरी घरच्या एकाने बदल करावेत आणि दुसऱ्याने पाठ करून ऐकावे, एवढे जमण्यासारखे आहे. दोन्ही स्पीकरांचा आवाज सारखा ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच अधिक चांगला वाटतो. ऐकण्यासाठी गाणे स्वतःचे न्यावे. ज्या ध्वनिमुद्रणातला प्रत्येक श्वास आणि प्रत्येक मींड ओळखीची आहे, त्याहून चांगली कसोटी नाही.

सबवूफर : केव्हा आणि कसा

वरील हिशेबावरून सबवूफर म्हणजे निव्वळ चैन, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्याची गरज तीन प्रसंगी खरी ठरते. घरात चित्रपट आवडीने पाहिले जात असतील, तर त्यांतील ध्वनी ४० हर्ट्झच्या पुष्कळ खाली जातो. जागेअभावी चार इंची किंवा त्याहून लहान स्पीकरच बसवावे लागले, तर मंद्र सप्तकाचा आधार कोठून तरी आणावाच लागतो. तिसरे कारण कानाचे आहे. आवाज हळू असताना मनुष्याच्या कानाला खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. जे कुटुंब नेहमी हळू आवाजातच ऐकते, त्याला खर्जाची थोडी भर घातल्याने गाणे भरीव वाटते.

निवड करताना या खोलीसाठी आठ ते दहा इंची, पूर्ण बंद पेटीचा सबवूफर सोयीचा. बंद पेटीचा आवाज खाली जाताना हळूहळू उतरतो, तर छिद्राच्या पेटीचा एका मर्यादेनंतर झपाट्याने कोसळतो. लहान बंद खोली तिच्या ४७ हर्ट्झच्या पहिल्या स्वराखाली स्वतःहून खर्जाला बळ देते. बंद पेटीचा हळुवार उतार आणि खोलीचा हा चढ एकमेकांना भरून काढतात. दार-खिडक्या उघड्या असतील तर हे बळ कमी होते, हेही ध्यानात ठेवावे.

स्पीकर कोठे थांबावा आणि सबवूफरने कोठून उचलावे, याची सीमा बहुधा ८० हर्ट्झवर ठेवतात. कारण त्याखालचा आवाज कोठून येतो हे कानाला सहसा कळत नाही. स्पीकरांना त्या सीमेखालच्या भारातून मुक्त करण्याची सोय अँप्लिफायरमध्ये नसेल, तर मात्र स्पीकर जेथे थकतो तेथेच, म्हणजे ५० ते ६० हर्ट्झच्या सुमारास, सबवूफरला प्रवेश द्यावा. अन्यथा एकच स्वर दोघे मिळून वाजवतात आणि पुन्हा घुमणे सुरू होते.

जागा शोधण्याची एक युक्ती जगभर प्रचलित आहे. सबवूफर श्रोत्याच्या बैठकीवर ठेवावा, ज्यात खर्ज एकसारखा चालतो असे एखादे वादन लावावे, आणि घरातील एकाने भिंतीच्या कडेकडेने रांगत जाऊन ऐकावे. जेथे प्रत्येक स्वर सारख्या वजनाचा ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. मग त्याची आणि श्रोत्याची अदलाबदल करावी. आजोबांना रांगताना पाहून नातवंडे हसतील, हसू द्यावे. मागच्या बाजूचे फेजचे बटण ० आणि १८० यांपैकी ज्या बाजूस बैठकीवर खर्ज अधिक भरीव येईल, त्या बाजूस ठेवावे. शेवटी आवाजाची पातळी. सबवूफर चालू असताना त्याचे अस्तित्व जाणवू नये, आणि बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखे वाटावे. ती पातळी बरोबर.

वडीलधारे आणि शेजारी

वय वाढते तसे कानाचे तीव्र स्वर प्रथम उणावतात. स, श, थ, फ यांसारखी व्यंजने त्याच प्रदेशात राहतात आणि शब्दांची ओळख त्यांवर अवलंबून असते. त्यात खर्जाचा एक गुण असा की, तो आपल्याहून वरच्या स्वरांना सहज झाकतो. ‘शब्द नीट कळत नाहीत’ असे आजी म्हणतात, तेव्हा घरातले आवाज वाढवतात. त्याबरोबर खर्जही वाढतो आणि शब्द अधिकच झाकले जातात. अशा वेळी योग्य उपाय उलटा आहे : सबवूफर कमी किंवा बंद करावा, बैठक स्पीकरांजवळ न्यावी, ट्विटर कानाच्या रेषेत आणावा. आवाज न वाढवताही शब्द उघडे होतात. तरुण कानांसाठीही मर्यादा आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुरक्षित श्रवणाची सीमा ८० डेसिबेलला आठवड्यास ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबेलला तेवढेच तास अशी सांगितली आहे.

शेजाऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक. गाणे भिंतीत अडते. खर्ज अडत नाही. तो स्लॅबमधून, तुळयांमधून दोन मजले जातो, आणि ज्याला गाण्यातले काहीच ऐकू येत नाही त्याला केवळ धपधप ऐकावी लागते. केंद्र सरकारच्या ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबेल आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतची ४५ डेसिबेल आहे. परंतु शेजारधर्म आकड्यांपूर्वी सुरू होतो. सबवूफरखाली जाड रबराचे पाय बसवले तर फरशीतून जाणारी थरथर कमी होते. तो शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीला लावू नये. रात्री नऊनंतर तो बंद ठेवण्याचा घरचा नियम असावा. पहिल्या दिवशीच वरच्या-खालच्या घरी जाऊन ‘त्रास झाला तर निःसंकोच सांगावे’ असे कळवणे उत्तम. तक्रार येण्यापूर्वी गेलेल्या मनुष्याशी कोणी सहसा भांडत नाही.

खरेदी दोन हप्त्यांत करावी, हा या सर्व विवेचनाचा व्यवहारातला अर्थ. प्रथम खोली लावावी, बैठक ठरवावी, दोन चांगले स्पीकर आणि बेताचा अँप्लिफायर आणावा, आणि महिनाभर घरातल्या सर्वांनी ऐकावे. त्या महिन्यात कोणालाच खर्ज उणा वाटला नाही, तर सबवूफरचे पैसे वाचले. उणा वाटला, तर कोणत्या गाण्यात, कोणत्या बैठकीवर आणि किती, हे तोवर कळलेले असते. आणि दुकानदाराने फरशी कितीही हलवून दाखवली, तरी काय मागायचे हे ग्राहकाला ठाऊक असते.